कपाटातला स्टुडिओ
अरे, आमचा स्टुडिओ म्हणजे मित्राच्या घरातलं कपाट! लटकवलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून तो माईक घेऊन आत शिरायचा, मी बाहेरून दार दाबायचो. कपडे म्हणजे त्याच्या बाबांचे कारखान्यातले गणवेश. टाकी साफ करताना बाबा गुदमरून गेले आणि कारखान्यानं हात झटकले, "हा आमचा कामगारच नव्हता." त्यावरच आमचं रॅप. काल कपाट उघडलं, तर नुसते हँगर! काकू म्हणाल्या, "सकाळी कारखान्याची माणसं आली, गणवेश आमचे म्हणून घेऊन गेली. मी विचारलं, माणूस तुमचा नव्हता, मग कपडे कसे तुमचे? तर म्हणे, इथं सही करा." मित्र माईक घेऊन आत शिरला. पहिलीच ओळ विहिरीतल्यासारखी घुमली. मी म्हटलं, "थांब, पांघरुणं आणतो." आतून म्हणाला, "नको रे. कपाट रिकामं आहे, ते ऐकू दे सगळ्यांना."