डबा खातानाची आठवण

भूगोलाच्या पेपरपुरती राजसीने आपली स्मृती नेटवर्कवरून मैत्रीण ओजलला उघडून दिली होती. फक्त वाचायला! वर्गात सगळेच तसं करायचे. जोडणी ओजलनेच करून दिली होती.

मग खो-खोची कॅप्टनशिप ओजलसाठी सोडायचं वचन आपण कधी दिलं? राजसीला ते आठवत मात्र होतं, लख्ख!

तिने सेटिंग उघडलं. "ओजे, लिहायची परवानगी चालू कशी गं?"

"तूच नाही का दिलीस, वेडाबाई? डबा खाताना. आठव!"

राजसीने आठवलं. खरंच की! उघडा डबा, परवानगीचं बटण, ते दाबणारा तिचाच हात. ती ओशाळली.

पण हात डावा होता. राजसीची तर सगळी कामं उजव्या हाताने.

तिने समोर पाहिलं. ओजल डाव्या हाताने पोळी मोडत होती.