आठनंबरी

चहा पिता पिता मोठ्या सिस्टरनी नव्या नर्सला बजावलं, तीन नंबरच्या आजी पक्क्या आठनंबरी आहेत, त्यांच्याकडे लक्ष ठेव. नवीला काही कळेना. खाट तीन नंबरची, मग आजी आठनंबरी कशा?

मावशींना तेवढंच हवं होतं. वीस वर्षं त्या वॉर्डाची झाडलोट करत होत्या आणि वॉर्डाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. मेलं तरी काही मागायचे नाहीत, असे पेशंट म्हणजे आठनंबरी. घशाला कोरड पडली तरी पाणी मागणार नाहीत, सुई टोचून घेतील आणि वर आपल्यालाच म्हणतील, तुम्हाला त्रास झाला. बारा वर्षांपूर्वी आठ नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. भर दुपारी, बेल उशाशी असताना, कुणाला कशाला त्रास म्हणून एकट्याच बाथरूमला निघाल्या आणि पडल्या. चौथ्या दिवशी गेल्या. तेव्हापासून हा शब्द निघाला, आणि आता तर वरच्या मजल्यावरही चालतो, हे मावशींनी अगदी कौतुकानं सांगितलं.

मोठ्या सिस्टर कपात बघत राहिल्या. हा किस्सा त्यांनी शंभरदा ऐकला होता आणि दर वेळी मूग गिळून बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. एवढा महिना निभावला असता तर सुटल्या असत्या.

"म्हणजे चूक त्या बाईंचीच की," नवी नर्स म्हणाली.

सिस्टरनी कप खाली ठेवला.

"ती भिडस्त नव्हती," त्या म्हणाल्या. "चांगली बोलघेवडी होती. त्या दिवशी सकाळपासून तिनं तीनदा बेल वाजवली. एकदा पाण्यासाठी, एकदा उशीसाठी, एकदा पंख्यासाठी. तिसऱ्यांदा मी गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, बाई, वॉर्डात तुम्ही एकट्याच आहात का? ती चुकलं म्हणाली. चौथ्यांदा तिनं बेल वाजवलीच नाही."

मावशींचा हात बशीवरच राहिला. पण बाई फार भिडस्त होत्या, हे तर सिस्टर तुम्हीच सांगितलं होतं, त्या हळूच म्हणाल्या.

"हो, मीच. डॉक्टरांना सांगितलं, तिच्या मुलाला सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, आई? भिडस्त?"

सिस्टर उठल्या आणि तीन नंबरकडे गेल्या.

आजी पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. पांघरूण खाली घसरलं होतं. बेलची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून त्यांनी ती नीट गुंडाळून खाटेच्या दांडीला अडकवून टाकली होती. सिस्टरनी ती सोडवली आणि बटण त्यांच्या हातात दिलं. वाजवा, म्हणाल्या.

"अहो, मला काहीच नकोय. उगाच तुम्हाला..."

"काही नको असलं तरी वाजवा."

आणि त्या दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. मग बेल वाजली. एकदाच, वाजते न वाजते अशी.

सिस्टर जवळजवळ धावतच आत आल्या.

"आले हं, बाई," त्या म्हणाल्या. "बोला, काय हवंय?"