तिसरी फुली

"जे दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, ते तुला ऐकू येतं का?" नारायणरावांनी कागदावरून वाचलं.

स्टुलावर बसलेला सूर्यभान खुलला. "येतं की! तिसगावात कुनाला हीर खांदायची म्हनली की मलाच बोलावत्यात. भुईला कान लावला की खालचं पानी वाजतं. दुसऱ्या कुनाला न्हाई ऐकू येत."

नारायणरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. टेबलापलीकडच्या डॉक्टरसाहेबाने कागदावर फुली मारली.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. नगरच्या छावणीत मोटार चालवायला माणसं हवी होती, आणि येणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे विलायतेहून आलेल्या या वीस प्रश्नांवरून कळतं म्हणे. इथल्या माणसांना ते लागू पडतात का, हे पन्नास जणांवर पडताळून साहेबाला वर कळवायचं होतं. तीन फुल्या झाल्या की माणूस परत, आणि गावच्या पाटलाच्या नावे चिठ्ठी : डोक्याने अधू. प्रश्नांचं मराठी महिन्यापूर्वी नारायणरावांनीच केलं होतं. तेव्हा त्यांना काही म्हणजे काही खटकलं नव्हतं. भाषा शुद्ध आहे ना, एवढंच ते बघत बसले होते.

"आपल्यावर कोणाची तरी सतत नजर आहे, असं वाटतं?"

"व्हय. नाथबाबाची. मढीच्या गडावरनं आमचं सगळं शिवार दिसतं त्याला."

दुसरी फुली पडली.

तुळशीच्या लग्नानंतर आपलं लग्न आहे, हे या सूर्यभानने बाहेरच्या रांगेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. असली चिठ्ठी गावात पोचल्यावर त्याला मुलगी कोण देणार? नारायणरावांनी पुढचा प्रश्न पाहिला आणि तो अगदी सावकाश वाचला.

"मेलेल्या माणसांशी तू कधी बोलतोस का? नीट विचार करून सांग हं."

"त्यात इचार कसला?" सूर्यभानने जोरात मान डोलावली. "आय गेली तवा दहाव्याला कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मग मीच मोठ्यांदा बोललो, आये, धाकलीला मी सांभाळतो, तू जा बिनघोर. लगीच शिवला."

साहेबाने टाक दौतीत बुडवला. "हो म्हणाला ना? मी मान पाहिली."

नारायणरावांची खोटं सांगायची वाटही बंद झाली.

"साहेब, हा इथे चालणार नाही."

"माणूस?"

"प्रश्न."

"कशावरून?"

नारायणरावांनी डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवली. तुळतुळीत केलेल्या डोक्यावर नुकते कुठे खुंट आले होते.

"मी रजेवर होतो ना, माझे वडील गेले होते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. मी हात जोडून वडिलांशी बोललो. मोठ्याने, चार माणसांदेखत." त्यांनी साहेबाकडे सरळ पाहिलं. "साहेब, मी वेडा नाही."

साहेबाने त्या डोक्याकडे पाहिलं. मग त्याने सूर्यभानचा कागद बाजूला सारला. तिसरी चौकट अजून रिकामीच होती. गठ्ठ्यातून तसलाच वीस चौकटींचा एक कोरा कागद ओढून त्याने समोर घेतला.

"पूर्ण नाव?" त्याने नारायणरावांना विचारलं.

सूर्यभानला त्या इंग्रजीतलं अक्षरही कळलं नव्हतं. पण भादरलेलं डोकं त्याला दिसलं होतं. तो लगबगीने उठला आणि त्याने स्टूल नारायणरावांकडे सरकवलं.

"बसा, भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला. "कोन गेलं?"