उद्घाटन

बाळाचं अंग गार पडत चाललं होतं. त्याला ऊब देणारं नवं यंत्र समोरच होतं, पण लाल फीत बांधलेलं. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांची तारीख दोनदा हुकली होती, आता दवाखान्याबाहेर तिसऱ्यांदा मांडव उभा राहत होता. एका मांडवाच्या खर्चात असलीच दोन यंत्रं आली असती, हे प्रयोगशाळेत नव्यानं लागलेल्या शाल्मलीनं मनातच ताडलं.

"सिस्टर, फीत साहेब कापणारेत!" शिपाई ओरडला.

"मग बाळाला सांग थांबायला," म्हणत भोईर सिस्टरनी नाळेच्या कात्रीनंच फीत कापली आणि बाळाला यंत्रात ठेवलं.

शाल्मली यंत्राच्या पडद्यावर बाळाच्या तापमानाच्या आकड्यांकडे बघत राहिली. चौतीस पूर्णांक एक. पस्तीस. तासाभरानं छत्तीस, आणि निळसर पावलं गुलाबी झाली. बाळानं टाहो फोडला.

"नुसत्या उबेनं?" ती थक्क होऊन पुटपुटली.

"मग! माणसाला लागतं किती गं?" सिस्टर हसून म्हणाल्या.