निलमचा वाटा

भाकरीच्या तुकड्यांची ताटली दुसऱ्या रांगेत आली आणि निलम उठली. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवरची तिची लेक आरोही नुकती कुठं कुरकुरायला लागली होती. निलमनं तिला कडेवर घेतलं आणि पत्र्याच्या शेडमधल्या चर्चबाहेर नेलं. लेकरू रडलं असतं तर बरं झालं असतं. ते बाहेर येताच खुदुखुदु हसायला लागलं.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा खाऊन पेल्यातला घोटभर द्राक्षरस घ्यायचा, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. दीड वर्षात निलमनं ते एकदाही घेतलं नव्हतं. कधी लेकरू रडायचं, कधी पेले धुवायचे राहायचे, कधी तिच्या कुरुंद्याहून वसमतला येणारी एसटी नेमकी त्याच रविवारी उशिरा यायची. आणि चर्चमधली मंडळी काय म्हणायची? "बघा, स्वतःचं प्रभुभोजन सोडून दुसऱ्याची लेकरं सांभाळती. काय तो नम्रपणा!" लोकांचं हे असं. समोर माणूस बुडत असलं तरी म्हणतील, काय छान पोहून राहिलं!

खरं कारण निलमच्या पर्समध्ये होतं. तिचा नवरा प्रेमदास मस्कतला कामाला गेला, तेव्हा तिला मोठा मोबाईल घेऊन देऊन गेला. "रोज तुझं तोंड दिसलं पायजे," म्हणाला. आधी रोज दिसलं. मग रविवारी. मग नुसतं अंगठ्याचं चित्र यायला लागलं, खुशाल आहे म्हणून. कुरुंद्यात तिच्या गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. लेकरूबाळ नाही. अंगणवाडीतलं काम संपवून घरी आलं की बोलायला भिंती. अशाच एका दुपारी मोबाईलवर भलतंच काही उघडलं. तिनं घाबरून बंद केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून उघडलं. नागडी माणसं, ओळख ना पाळख. पण ती बघताना तेवढा वेळ घर रिकामं वाटायचं नाही. नंतर दुप्पट रिकामं वाटायचं. मग ती गुडघे टेकायची, रडायची, प्रभूला शब्द द्यायची. आठ दिवस निघायचे, कधी दहा. आणि पुन्हा तेच.

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दर महिन्याला बजावायचे, आधी मन तपासा, मग हात पुढं करा. निलमचं तपासून झालेलं होतं. म्हणून ती उठायची. लपवाछपवी करून ही भाकर खायची नाही, एवढी एकच गोष्ट तिनं राखली होती.

सांगणार तरी कुणाला? पाळक पुरुषमाणूस. आणि त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंना? अरे देवा! पाळकीणबाई म्हणजे कडक काम. महिला मंडळात त्या मोबाईलवरच्या घाणीबद्दल बोलायला लागल्या की बायका पदर सावरून बसायच्या. शिवाय हे पाप पुरुषांचं, असंच सगळ्या धरून चालायच्या. नवरा यातून सुटावा म्हणून प्रार्थना मागणाऱ्या दोघी-तिघी होत्या. स्वतःसाठी मागणारी एकही नव्हती.

आज मात्र आतलं गाणं मध्येच थांबलं. मसाजी पाळक ताटली घेऊन थेट दारात आले. सगळ्यांच्या माना वळल्या.

"निलमताई, आज तुमाला सोडून आमी पुढं जाणार न्हाई," ते कौतुकानं म्हणाले. "दुसऱ्याचं करता करता दर टायमाला तुमचंच ऱ्हाऊन जातं. घ्या."

ताटलीत पावाचे पांढरे चौकोनी तुकडे होते. एक उचलला की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं, उलट सगळ्यांना बरंच वाटलं असतं. निलमचा हात पुढं गेला आणि थांबला.

"मला नका देऊ," ती म्हणाली. "लेकरू रडतं म्हणून मी भाईर येत न्हाई. मी मोबाईलवर घाण बघते. नागड्या माणसांची. दीड वर्ष झालं. लई बघितलं सोडायला, सुटूनच न्हाई राहिलं."

पाळकांच्या हातातली ताटली तशीच राहिली. म्हाताऱ्या भिकाबाईनं तोंडाला पदर लावला. आरोहीची आई धावत आली आणि निलमच्या कडेवरून लेकरू ओढून घेऊन गेली.

निलमनं चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याला लागली. आजवर ती एकटी होती खरी, पण रविवारी तरी चार माणसांत बसून एकटी होती. आता तेही गेलं. परत इथं यायचं नाही, असं ठरवून ती भराभरा चालत होती.

"ए निलम, थांब!"

पाळकीणबाई धापा टाकत मागून येत होत्या. आता भर रस्त्यात आपला उद्धार होणार, असं तिला वाटलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

सिंधूबाईंनी तिच्यापुढं उजवी मूठ उघडली. पहिल्या रांगेत बसून मघाशी घेतलेला तुकडा त्यांच्या तळहातावर तसाच होता, घामानं चिकट झालेला.

"तुमी खाल्ला न्हाई?"

"तीन वर्षं झाले. मूठ नुसती तोंडापाशी नेते. तुला भाईर तरी येता येत होतं गं. मी पाळकाची बायको, मी कुठं जाऊ?"

"पण काहून?"

सिंधूबाईंनी तुकडा मोडला, अर्धा निलमच्या हातावर ठेवला. "आज प्रभूपुढं तू तोंड उघडलंस, आता लपवायला काय राहिलं? खा." दोघींनी रस्त्यातच उभ्या उभ्या खाल्ला. पाळकीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"हात मोबाईलकडं गेला की आधी मला फोन लाव," त्या म्हणाल्या. "कवाबी लाव. माझा गेला की मीबी तुलाच लावीन."