फिरती ढाल

शेवटची माळ खिळ्याला अडकवून थोरली शेजाऱ्यांच्या स्टुलावरून उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून आपल्या घराकडे बघून तिने कपाळावर हात मारला. डावी बाजू निळ्या फुलांनी नुसती नटली होती. उजवी बाजू ओकीबोकी. सगळं घर अर्धी मिशी कापलेल्या माणसासारखं दिसत होतं.

उजवी बाजू तिची नव्हतीच. ती धाकट्या जावेची. वाटणी झाली, मधे भिंत आली, तरी रस्त्यावरून बघणाऱ्याला घर एकच दिसे. वसंताच्या उत्सवात सर्वांत देखण्या घराला फिरती ढाल मिळायची. दरवर्षी थोरली आपली बाजू जीव ओतून सजवायची आणि धाकटी तिच्याकडे बघून बघून नक्कल करायची. फुलं तीच, पण माळा वाकड्यातिकड्या. परीक्षक मान हलवून पुढे जायचे आणि ढाल समोरच्या बाईंच्या घरी. बाईंनी ती खिडकीत मांडलेली, थोरलीला चहा पिताना बरोब्बर दिसेल अशी.

जावांना याबद्दल एकमेकींशी बोलायची सोय नव्हती. अबोला होता. धाकटीने थोरलीची शिडी मागून नेली होती आणि पायरी मोडून ठेवली होती. "ठेव तुझ्याकडेच ती मोडकी शिडी!" असं थोरली बोलून बसली, ते शेवटचं.

आणि आता म्हणे धाकटीचा हात मोडला. हात फडक्याने गळ्यात बांधून ती दारात बसली होती. थोरलीला तिच्यासाठी वाईट वाटलं. ढालीसाठी जरा जास्तच वाटलं, हेही खरं.

तेवढ्यात कोपऱ्यावर बँड वाजला. परीक्षक निघाले होते.

थोरलीने बाह्या सरसावल्या. धाकटीच्या भिंतीला तीच शिडी टेकवलेली होती, मोडक्या पायरीच्या जागी नवीकोरी पायरी. शेजारी निळ्या कागदी फुलांच्या माळा टोपलीभर.

"तयारी तेवढी झक्क केलीय बाईसाहेबांनी," असं पुटपुटत ती भराभर चढली. कसला अबोला आणि कसली वाटणी! तिचे हात नुसते पळत होते. धाकटी खालून बघत होती.

परीक्षकांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं.

"वा! यंदा घर एकजीव झालंय. कुणी सजवलं?"

'मी' थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिची नजर त्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे गेली.

"आम्ही दोघींनी," ती म्हणाली. "आमचंच घर आहे."

गल्लीभर टाळ्या झाल्या. समोरच्या बाई ढाल घेऊन आल्या आणि पडेल चेहऱ्याने त्यांनी ती पुढे केली. थोरलीचा आनंद पोटात मावेना.

"धाकटे, तू घे गं पहिल्यांदा," ती म्हणाली. "पण जपून, जड आहे. तुझा हात..."

धाकटी धावतच आली. तिने ढाल घेतली आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशी डोक्यावर उंच धरली. फडकं गळ्यात रिकामंच लोंबत होतं.

"ताई, बघताय काय, टाळ्या वाजवा ना!" ती ओरडली. "माझे दोन्ही हात अडकलेत!"