शेवटची पट्टी

पियानोची पुढची फळी बसवून भीमराजने तारा पिळायची चावी पिशवीत टाकली, तेव्हा मनाली उजव्या टोकाच्या पट्टीवर बोट ठेवून उभी होती. सगळ्यात बारीक सुराची, शेवटची पट्टी.

"ही बघा ना काका. आता बरोबर लागली?"

बोट खाली जाताना दिसलं आणि भीमराजने सवयीने डोळे मिटले, मान तिरकी केली.

"झकास," तो म्हणाला. "घंटीसारखी."

खाली शेजारच्या बिल्डिंगच्या जागी रीडेव्हलपमेंटचं मशीन पाया खोदत होतं. दिंडोशीतल्या या चौथ्या मजल्यावरच्या काचासुद्धा थरथरत होत्या. मनाली हसली.

"मी वाजवलीच नाही काका. हळू दाबली. हळू दाबली की हातोडी तारेपर्यंत पोचत नाही, सूर निघत नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं खरं. तिचे बाबा नाइट ड्यूटी करून दुपारी झोपायचे आणि या सहा वर्षांच्या पोरीला पियानोवरून उठायचं नसायचं. तेव्हा तिची इवलीशी बोटं हातात धरून भीमराजनेच ही गंमत दाखवली होती.

वरच्या टोकाच्या पट्ट्या ऐकू येईनाशा झाल्यापासून, गेलं वर्षभर, त्या तो निव्वळ मनगटाच्या अंदाजाने लावत होता. घरी बायकोपाशीही बोलला नव्हता. आणि ही मनाली आता अंधेरीतल्या मोठ्या म्युझिक क्लासची मुख्य मॅडम होती. तिथले सगळे पियानो कुणाच्या हातात द्यायचे ते तीच ठरवणार होती. सोमवारपासून तुम्हीच या, असं सकाळी फोनवर म्हणालीही होती. पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरणं थांबेल या आनंदात भीमराज साकीनाक्याहून तसाच निघून आला होता.

"अगं, ते मशीन बघ ना. कान बधिर करून टाकले मेल्याने."

"खरंय. मग परत एकदा करू. पण तोंड खिडकीकडे करा. वाजली की सांगायचं."

तिला सरळ विचारता आलं असतं. बसवून, पाणी देऊन, हळूच. पण तिने विचारलं नाही.

साठी उलटलेला माणूस वर्गातून बाहेर काढलेल्या पोरासारखा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. एकदा फसलो, आता नाही फसायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. कार्टी लहानपणापासूनच द्वाड, पुन्हा हळूच दाबणार.

"आता?"

नुसतं मशीन ऐकू येत होतं. "नाही वाजली."

"आता?"

"नाही."

"नीट ऐका हां काका. आता?"

"नाही गं बाई!" भीमराजला हसू फुटलं. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "मला फसवतेस होय? तुझा गुरू आहे मी!"

तेवढ्यात मनालीची आई, माधुरीताई, पिठाचे हात कानांवर दाबून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मनाली, अगं बाहेरचं ते मशीन कमी आहे का? किती वेळ ठोकतेयस ती एकच पट्टी! डोकं उठलं माझं."

भीमराजचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. तो वळला नाही.

"थांब गं आई, काकांचं अजून व्हायचंय," मनाली म्हणाली. मग अगदी लाडात येऊन तिने विचारलं, "आणि आता, काका?"